हाजाकडे की हाजिहीकडे

चामोर्शीत सूर्याला ‘बाई’ म्हणणारा एकच माणूस होता.

एका एप्रिलमध्ये हा माणूस बाजाराजवळच्या चहाच्या टपरीवर आला, दुपट्ट्याने मान पुसली आणि बाकावर बसत म्हणाला, “आज बाई सकाळपासूनच तापून राह्यली.”

टपरीवाल्याने काळजीने विचारले, “मंग दवाखान्यात नाई नेलं?”

“तिले कोण नेते गा दवाखान्यात? जवळ जाशीन तर जळून जाशीन.”

 ते निघाले तेव्हा टपरीवाल्याने तापाच्या दोन गोळ्या कागदात बांधून यांच्या हातात दिल्या. यांनीही त्या घेतल्या आणि घरी जाऊन बायकोच्या हवाली केल्या. बायको ठणठणीत. तिने विचारले, “ताप कोणाले आहे?” यांनी आभाळाकडे बोट दाखवले.

ही गोष्ट मी शाळेत शिक्षिका म्हणून लागण्याआधीची. मला ती टपरीवाल्यानेच सांगितली. अरबी भाषेत सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी असतो, हे त्याला नंतर कळले होते, पण तरी तो म्हणाला, “बाई, तुमचे उस्ताद मनानं लय चांगले आहेत. फक्त त्यायच्या घरी कोणाले बरं नसलं तर आमाले समजणार नाई.”

उस्ताद म्हणजे आमच्या शाळेतले अरबीचे शिक्षक. त्यांना नावाने हाक मारताना मी कोणालाच ऐकले नाही. शाळा छोटी, बालवाडी ते दुसरी, मराठी माध्यमाची. गावातल्या काही मंडळींनी सोसायटी करून ती चालवली होती. बरीच मुले मुसलमान घरची, म्हणून पहिला तास अरबीचा. ज्यांना नको त्यांनी उशिरा यावे असे ठरले होते. पण उशिरा कोणीच येत नसे. कुणब्यांची, ढिवरांची, सगळीच पोरे पहिल्या तासाला ओसरीवर हजर असत, कारण त्या तासाला खेळ असे.

उस्ताद मौलवी नव्हते. तीस वर्षे त्यांनी बस स्टँडजवळ सायकली दुरुस्त केल्या होत्या. लहानपणी वडिलांनी त्यांना दूरच्या एका मदरशात सहा वर्षे ठेवले होते. तिथे अरबी छडीने शिकवत. ते म्हणत, “छडीनं शिकवलेली भाषा हातावर राह्यते, तोंडात येत नाई.” दुकान बंद केल्यावर त्यांनी जुन्या ट्यूबा फेकल्या नाहीत. त्या कात्रीने कापून त्यांनी बांगडीएवढ्या गोल रबरी रिंगा केल्या आणि प्रत्येक रिंगेवर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिले. अरबीत बऱ्याच स्त्रीलिंगी शब्दांच्या शेवटी एक गोल अक्षर येते, त्याच्यावर दोन ठिपके असतात. त्याला उस्ताद ‘गोल ते’ म्हणत; ‘ते’ म्हणजे अरबीतला त. ती रिंग म्हणजे तेच अक्षर.

खेळ असा. लांब ओसरीची डावी बाजू हाजाची, उजवी हाजिहीची. हाजा म्हणजे ‘हा’, हाजिही म्हणजे ‘ही’. मध्ये उस्ताद एक पोते घेऊन बसत. एका पोराने पोत्यातून वस्तू काढायची, उस्तादांनी सायकलची घंटी वाजवायची आणि सगळ्यांनी ओरडायचे, “हाजाकडे की हाजिहीकडे?” त्या पोराने वस्तूचे अरबी नाव घेत बाजू निवडून धावायचे. घड्याळ, साअतुन, हाजिही, की लगेच रिंग घालायची. दगड, हजरुन, हाजा, रिंग नाही. आमच्या ओसरीवर घड्याळ, टोपी, खेळण्यातली मोटार असा सगळा संसार गळ्यात रबरी रिंगा घालून बसलेला असे.

बाजू चुकली तर उस्ताद ‘चूक’ हा शब्द काढत नसत. चुकलेला पोरगा त्या बाजूचा पाहुणा होई.

“अरे वा, पाहुणे आले! कुठून आले, भाऊ?”

“हाजाकडून.”

“पाणी द्या पाहुण्याले.”

मग त्या बाजूच्या पोरांनी त्याला खरेच पेल्यातून पाणी द्यायचे. पाणी पिऊन झाले की पाहुण्याने “येतो” म्हणून आपल्या घरी जायचे. काही पोरे उन्हाळ्यात मुद्दाम चुकत.

वस्तूंशी त्यांचे वागणे माणसांशी असावे तसे होते. खुर्चीला मराठीत आपण ‘ती’ म्हणतो, अरबीत कुर्सी पुल्लिंगी. एका पोराने तिला हाजिही म्हटले, तर उस्ताद गंभीरपणे म्हणाले, “माफी माग त्याची. एवढा चार पायावर उभा असलेला बाप्या, अन् तू त्याले बाई म्हणतं?” पोराने खुर्चीपुढे हात जोडले. त्यानंतर महिनाभर मुले खुर्चीवर बसायच्या आधी तिला “भाऊ, सरका जरासे” म्हणत.

मी त्या शाळेत नोव्हेंबरमध्ये लागले. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच, वर डी.एड. आम्ही ढिवर, माझे वडील तलावात मासे धरतात, आई चामोर्शीच्या बाजारात ते विकते. शिकून झाल्यावर तीन ठिकाणी मुलाखती दिल्या आणि तिन्हीकडून परत आले. दर फेब्रुवारीत आमच्या भागातून मिरची तोडायला तेलंगणात गाड्या जातात, त्यात डी.एड. झाल्यावरही मी दोन हंगाम गेले होते. ही चौथी संधी. सोसायटीचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “तीन महिने बघू. जमलं तर ठेवू.” तीन महिने म्हणजे जानेवारीअखेर. फेब्रुवारीत एकतर माझ्या हातात हजेरीपट असणार होता, नाहीतर मिरची.

तिसऱ्या मुलाखतीत काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. मुलाखत चांगली झाली. उठताना मी म्हणाले, “येतो, सर.” टेबलामागचे तिघे एकदम थांबले. त्यातल्या एकाने दाराकडे पाहिले आणि विचारले, “कोण येतो?” मग तिघेही हसले.

आमच्याकडे बाया असेच बोलतात. आई म्हणते, मी बाजारात जातो, मी आलो, मी जेवलो. आजीही तसेच म्हणायची. वहीत ‘मी गेले’ लिहायचे आणि घरी ‘मी गेलो’ बोलायचे, यात मला कधी काही वावगे वाटले नव्हते. त्या दिवसापासून वाटू लागले. जीभ कधी घसरेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी बोलण्यातून ‘मी’ काढूनच टाकला. “हजेरी घेऊन झाली आहे.” “उद्या यायला उशीर होईल.” “डबा खायचा राहिला.” एवढी सवय झाली की कोणाला कळतही नसे, असे मला वाटायचे.

उस्तादांना आठ दिवसांत कळले. आम्ही ओसरीवर पोत्यातल्या वस्तू भरत होतो. ते म्हणाले, “बाई, एक विचारू? तुमच्या मराठीत ‘मी’ नाई काय?”

मला रडूच आले. मी मुलाखतीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हातातली रिंग बोटावर फिरवली आणि माझे सांत्वन वगैरे न करता विचारले, “तो गेला, अरबीत काय म्हणते? जहबा. ती गेली? जहबत. आता तुमी सांगा, मी गेलो?”

“येत नाही.”

“जहब्तु. अन् मी गेले?”

मी मान हलवली.

“तेपण जहब्तु! बाप्या म्हणन तरी जहब्तु, बाई म्हणन तरी जहब्तु. अरबीत ‘मी’ले रिंग नाई. काऊन नाई? अहो, जो म्हणून राह्यला तो समोरच उभा आहे! दिसून राह्यला ना तुमाले! मंग त्याच्या गळ्यात चिठ्ठी काऊन बांधायची? चिठ्ठी जो इथी नाई त्याले.” मग थोडे थांबून म्हणाले, “तुमची आई बाजारात बसून अरबी व्याकरण बोलते, अन् तुमी रडून राह्यल्या.”

एवढे बोलून ते पोते उचलून निघून गेले. मी खूप वेळ तिथेच बसून राहिले. मला कोणी तरी खांद्यावरचे ओझे उतरवून बाजूला ठेवल्यासारखे वाटले. नोकरीची काळजी तशीच होती, पण आईच्या बोलण्याची लाज मात्र त्या दुपारी गेली.

त्यांनी मला हाजाचा उच्चारही शिकवला. मी ‘जय’मधल्यासारखा ज म्हणत होते. ते म्हणाले, “तुमचे बाबा काय टाकतात पाण्यात?”

“जाळं.”

“बस. तोच ज. अर्धी अरबी तुमच्या घरीच आहे.”

माशांवरून तर त्यांनी माझ्या वडिलांनाच विचारायला लावले होते. अरबीत ढिगाने मासे असले तर तो शब्द पुल्लिंगी, समक. त्यातला एक उचलला की त्याला गोल ते लागतो, समकतुन, आणि तो स्त्रीलिंगी होतो. उस्तादांचा प्रश्न होता, असे का? मी घरी बाबांना विचारले. बाबा जाळे विणत होते, ते वर न पाहता म्हणाले, “जाळ्यात असतात तोवर नुसता भार राह्यते. हातात एक घेतली की मंग ती मासोळी.” मी हे दुसऱ्या दिवशी सांगितले. उस्ताद इतके खूश झाले की तासभर पोरांकडून फक्त “मासोळी, मासोळी” म्हणवून घेतले. त्या दिवशी अरबीचा एकही शब्द झाला नाही.

एकदा त्यांनी नियम सांगितला, “अंगावर जे जोडीनं राह्यते ते बाई. डोळा, कान, हात, पाय, सगळे हाजिही. अन् जे एकटं राह्यते ते बाप्या. डोकं, तोंड, नाक. म्हणून तर नाक असं अकडून राह्यते.” मुले आपापले अवयव धरून ओरडू लागली. पहिलीत सना नावाची एक बारीक मुलगी होती, तिला प्रश्न फार. तिने दोन्ही बोटे कपाळाखाली ठेवली. “उस्ताद, भुवया दोन आहेत.”

“मंग हाजिही.”

पण बोलताना त्यांचा आवाज थोडा पडला. त्या दिवशी त्यांनी तास लवकर सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते थेट हाजिहीच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, “मले पाणी द्या. मी पाहुणा आहो. भुवई दोन असून बाप्या निघाली. गालपण. रातभर पुस्तक पाह्यलं.” सनाने त्यांना पेला भरून पाणी दिले. ते सगळे प्यायले, “येतो” म्हणाले आणि पोत्यापाशी जाऊन बसले. शिक्षकाने वर्गापुढे अशी चूक कबूल केलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. डी.एड.मध्ये आम्हाला ते कोणी शिकवले नव्हते.

माझा तास त्यांच्यानंतर असे. मुलांना तो-ती-ते शिकवताना मी फळ्यावर तीन रकाने आखत असे आणि मुले जांभया देत. मग मीही ओसरीवर आले. मराठीचा खेळ सुरू झाला तेव्हा एक अडचण आली. झाड कुठे उभे करायचे? पुस्तक, घर, मांजर? अरबीत दोनच घरे. कुणब्याचा एक मुलगा मांजराचे चित्र घेऊन डावीकडे धावला, उजवीकडे धावला आणि शेवटी अंगणात उतरणाऱ्या पायरीवर जाऊन उभा राहिला. “हे इथी राहीन,” तो म्हणाला. तेव्हापासून पायरी ‘ते’ची झाली. उस्तादांना हे फारच आवडले, पण थोडा हेवाही वाटला. “अरबीत पायरी नाई,” ते दोन-तीन दिवस कोणालाही धरून सांगत होते. “केवढी मोठी भाषा, पण पायरी नाई.”

आता ते सिरोंच्याला मुलीकडे राहतात. तिथे पलीकडे तेलंगणा, गल्लीतली पोरे तेलुगू बोलणारी. मागे एकदा त्यांचा फोन आला. “कशा आहात” वगैरे काही नाही, थेट, “बाई, इथी तर कहर आहे. तेलुगूत एकटी बाई टेबलाच्या बाजूनं उभी राह्यते!”

“म्हणजे?”

“म्हणजे बाप्याची एक बाजू, अन् बाई, टेबल, बकरी सगळे दुसऱ्या बाजूले. पण ऐका, दोन बाया झाल्या की त्या उठून बाप्यायकडे येतात! एकटी असली तर टेबलासोबत, दोघी असल्या तर माणसांसोबत. आता हे पोरायले कसं खेळवू, सांगा.”

मी म्हटले, “दोघींना हात धरून धावायला लावा.”

 पलीकडून फोनच बंद झाला. खेळायला गेले असावेत.

माझ्या त्या पहिल्या वर्षी, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावले. ते सिमेंटचे दुकानदार, अंगाने मोठे आणि बोलायला मोजके. वाईट माणूस मुळीच नव्हता. ते म्हणाले, “बाई, सनाच्या वडिलांची तक्रार आहे. पोरगी घरी ‘मी आलो, मी गेलो’ म्हणते. म्हणतात, नव्या बाईकडून शिकली. तुम्ही ढिवरांच्या आहात, घरी तसं बोलत असाल, मला समजतं. पण तिसरीत ही पोरं मोठ्या शाळेत जातात. तिथे हसतात त्यांना. हसलं की पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही.”

 ते खरेच होते. ते माझ्याच बाबतीत झाले होते.

“बुधवारी मी वर्गात येऊन बसतो. मग ठरवू.”

मी वर्गात एकदाही ‘मी आलो’ म्हटले नव्हते. ‘मी’च म्हटला नव्हता. पण मधल्या सुट्टीत, डबा खाताना, आई फाटकाशी येऊन काही देऊन गेली तेव्हा? मला आठवेना. दोन रात्री झोप आली नाही. घरी आईने मिरचीच्या गाडीवाल्याला “सोमवारी सांगतो” असे कळवले होते. ती मला काही विचारत नव्हती, पण दोन जणींची गाठोडी बांधायची की एकीचे, हा प्रश्न घरात फिरत होता.

उस्तादांना मी तक्रारीचे सांगितले. ते म्हणाले, “पाहून घेऊ.” याची मला जास्तच भीती वाटली. हा माणूस खुर्चीची माफी मागायला लावणारा. सेक्रेटरीसाहेबांपुढे काय करील याचा नेम नव्हता.

बुधवार बाजाराचा दिवस. सेक्रेटरीसाहेब आले. मुलांनी त्यांना खुर्ची दिली आणि तिला सांगितले, “भाऊ, सरका जरासे.” साहेबांनी मागे वळून पाहिले, पण विचारले नाही. उस्ताद कोपऱ्यात घंटी घेऊन बसले होते. मी खेळ घेतला. हाजाकडे तो, हाजिहीकडे ती, पायरीवर ते. मुले छान धावली. दोघे पाहुणे झाले, त्यांना पाणी मिळाले. साहेबांच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले. मी अर्धा तास बोलले आणि एकदाही ‘मी’ म्हटले नाही. मनात म्हणत होते, आता पंधरा मिनिटे, आता दहा.

तेवढ्यात साहेबांनी सनाला जवळ बोलावले. “काय गं, आज शाळेत कोणासोबत आलीस?”

“अब्बूसंगं आलो.”

 मुलांना काही कळले नव्हते, पण माझा चेहरा पाहून ती धावता धावता थांबली.

“आलो की आले?” साहेबांनी विचारले.

 सनाने त्यांनाच समजावून सांगितले, “तो आला. ती आली. मी आलो.”

“का बरं? तू तर मुलगी आहेस.”

“मग दिसून राह्यलो ना तुमाले!” ती म्हणाली. “इथीच तं उभा आहो. रिंग काऊन लावू?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग सगळ्यांकडे. “हे कोणी शिकवलं?”

सनाने कोपऱ्याकडे बोट दाखवले.

उस्ताद उठून उभे राहिले. “मीच,” ते घाईघाईने म्हणाले. “जहब्तु शिकवताना सांगितलं. पोरीनं अरबीचं मराठीत आणलं. बाईचा काही संबंध नाई. बाई लय शुद्ध बोलतात.”

खरे तर माझी सुटका झाली होती. मी दोन रात्री ज्या गोष्टीसाठी स्वतःला कोसत होते, ती माझ्याकडून झालीच नव्हती. गप्प बसले असते तर काम झाले असते. पण ‘बाई लय शुद्ध बोलतात’ हे ऐकून मला कसेसेच झाले. बाहेर बाजारात आई बसली होती. सनासमोर, या चिमुरडीसमोर, मी गप्प बसून शुद्ध ठरणार होते.

“साहेब,” मी म्हटले, “घरी मी पण असंच बोलतो. माझी आई पण. वर्गात नाही बोलत. पण मला ते चुकीचं वाटत नाही.”

किती दिवसांनी मी कोणापुढे ‘मी’ म्हटले होते. त्यातही ‘बोलतो’.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “ठीक आहे, बाई. बोलायचं समजलं. पण वहीत? मोठ्या शाळेत वही तपासतात. तिथे ही काय लिहिणार?”

मी याचा आधी कधी विचार केला नव्हता. सनाकडे पाहिले. ती माझ्याकडेच पाहत होती, आता बाई काय सांगतात म्हणून. आणि उत्तर एकदम समोर आले.

“वहीत ‘मी आले’ लिहायचं,” मी तिला म्हटले. “कारण वही वाचणाऱ्याला तू दिसत नाहीस. तू इथे नसतेस, नुसती वही असते. म्हणून तिथे रिंग लावायची.”

सनाने मान डोलावली. तिला ते लगेच पटले. “अन् मोठ्या शाळेत?”

“तिथल्या लोकांना सवय नसते. त्यांना लवकर दिसत नाही. त्यांच्यासाठी पण लावायची.”

साहेब मोठ्याने हसले. मी त्यांना पहिल्यांदाच असे हसताना पाहिले. इथे सगळे संपायला हवे होते, पण उस्ताद अजून उभेच होते. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

“पण बाई,” ते म्हणाले, “अरबीत तं लिहितानापण रिंग नाई लागत. कागदावरपण जहब्तुच. मंग तुमचा नियम...”



“उस्ताद,” साहेब म्हणाले, “ती अरबी. ही मराठी. तुम्ही बसा.” मग माझ्याकडे वळले. “बाई, सनाच्या वडिलांना मी सांगतो. हे जे वहीचं सांगितलं ते सगळ्या पोरांना सांगा. अन् फेब्रुवारीचा हजेरीपट ऑफिसातून घेऊन जा, तुमच्याच अक्षरात नावं लिहा.”

मी नुसती उभी राहिले. काय म्हणाले ते कानात गेले होते, आत उतरत नव्हते. उस्ताद कोपऱ्यातून त्राग्याने म्हणाले, “अहो, ठेवलं तुमाले!”

साहेब गेल्यावर उस्तादांनी माझे अभिनंदन वगैरे काही केले नाही. पोत्यात रिंगा भरताना स्वतःशीच पुटपुटत होते. “पन्नास वर्षं झाली पुस्तक वाचून राह्यलो. लिहिलेला ‘मी’ दिसत नाई, हे मले काऊन नाई सुचलं?” आठवडाभर ते माझ्याशी जरा तुटकच वागले. आठवड्यानंतर दुसरीच्या पोरांना ते हाच विचार स्वतःचा म्हणून सांगताना मी ऐकले आणि मला फार बरे वाटले.

त्या बुधवारी शाळा सुटल्यावर मी धावतच बाजारात गेले. आईचे मासे जवळजवळ संपले होते. शेजारच्या बाईशी बोलता बोलता ती रिकामी टोपली पाण्याने धूत होती. मला पाहून तिचा हात थांबला, पण तिने विचारले नाही. दोन महिने तिने विचारले नव्हते.

“माय,” मी म्हटले, “मी राह्यलो.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिले. मग मान खाली घालून उरलेले पाणी टोपलीतून झटकले.

“राह्यली न? मंग धर इकडून,” ती म्हणाली, आणि शेजारच्या बाईला हाक मारली, “गाडीवाल्याले सांगजो वं, यंदा मी एकटाच येतो.”